सोलर पॅनलची खालची कड

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या गच्चीवर सोलर आहे किंवा लवकरच बसणार आहे. 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळू लागलं, आणि घराघरांवर पॅनल दिसायला लागली. म्हणून 3 किलोवॅटचाच संच डोळ्यांसमोर धरू: 540-550 वॅटची सहा पॅनल एकापुढे एक जोडलेली, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी 12 युनिटच्या आसपास वीज.

सगळ्या काचेवर सारखी बसलेली पातळ धूळ डोळ्यांना खटकते, पण तिचं नुकसान तिच्यापुरतंच असतं. थोडा उजेड अडला, तेवढी वीज कमी झाली. खरा घात करते ती एकाच जागी साचलेली घाण. पॅनलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात आणि माळेतला करंट सगळ्यात कमजोर सेल ठरवतो. नळी एका जागी चेपली की पुढे सगळीकडेच पाणी कमी येतं, तसंच. झाकला गेलेला सेल वीज देत नाही, उलट बाकीच्यांची वीज खाऊन तापतो. हाच हॉट स्पॉट. त्यापासून वाचवायला पॅनलच्या मागे बायपास डायोड असतात, बहुधा तीन. ते सेलला वाचवतात, पण तेवढा भाग उत्पादनातून बाद करून.

आता पॅनलच्या खालच्या कडेकडे बघा. आपल्याकडे पॅनलला उतार साधारण 10 ते 20 अंशांचा. रात्री दव पडतं, धूळ ओली होऊन खाली घसरते आणि फ्रेमपाशी अडते, कारण फ्रेमची कड काचेपेक्षा जराशी वर असते. पाणी वाळतं, चिखल उरतो. रोज असं करत दोन बोटं रुंदीची पट्टी तयार होते. हल्लीच्या पॅनलमध्ये सेल अर्धे कापून बसवतात, आणि असा अर्धा सेल जेमतेम 9 सेंटीमीटर उंच असतो. चिखलाने सर्वांत खालच्या रांगेचा एक तृतीयांश भाग झाकला, की पॅनलच्या खालच्या अर्ध्या भागाचा करंट जवळजवळ तेवढाच पडतो. वरचा अर्धा भाग वेगळा जोडलेला असल्यामुळे तो तरतो. जुन्या, अख्ख्या सेलच्या पॅनलमध्ये तीही सोय नाही. म्हणून हातात पाचच मिनिटं असतील तर सगळी काच पुसत बसू नका, खालची वीतभर कड तेवढी स्वच्छ करा. या कडेवर लावायच्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, त्या साचलेलं पाणी बाहेर ओढून घेतात. घेताना फ्रेमची जाडी मोजा, 30 मिलिमीटर की 35.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण धुऊन पॅनल खराब होतात ती बहुतेक पाण्यामुळेच. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात. उन्हात ते इतके घट्ट बसतात की फडक्याने निघत नाहीत. मग कोणी तारेची घासणी घेतं, कोणी संडास साफ करायचं ॲसिड. त्याने काचेवरचा परावर्तन कमी करणारा थर जातो आणि ॲल्युमिनियमची फ्रेमही खाल्ली जाते. साठवलेलं पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. नळाचं चालतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, 200 च्या खाली असेल तर निर्धास्त वापरा. आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलेलं पाणी कधीही नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. बोअरशिवाय इलाजच नसेल तर थेंब वाळायच्या आत रबरी वायपर फिरवा. एका पॅनलला 2-3 लिटर पुरे. सहा पॅनलना 12 ते 18 लिटर, म्हणजे एक मोठी बादली. जुन्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन मऊ फडक्याने लावा, काही मिनिटांनी धुवा. आधी एका कोपऱ्यात करून बघा.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आधी. दवाने घाण भिजलेली असते. दुपारी काच 60 अंशांच्या वर तापते. गार पाण्याने तिच्यावर ताण येतो, आणि पाणी पुसायच्या आतच वाळतं. इन्व्हर्टर पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलतो. आधी त्याच्या एसी बाजूचा एमसीबी बंद करा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच. एवढं केलं तरी उजेड आहे तोवर पॅनलच्या वायरींमध्ये 300 व्होल्टच्या आसपास डीसी असतेच. म्हणून काच तडकलेल्या पॅनलवर पाणी टाकायचं नाही आणि वायरींचे कनेक्टर उघडायचे नाहीत. डीसीची ठिणगी आपणहून विझत नाही.

कोरडं फडकं फिरवू नका, वाळूच्या कणांनी काचेवर ओरखडे उठतात. आधी वरून पाणी सोडून रेती वाहू द्या. कबुतराची वाळलेली विष्ठा खरवडू नका, त्यावर ओलं फडकं 10 मिनिटं ठेवा, मग ती सहज निघते. पुढे लांब दांड्याचा मऊ नायलॉन ब्रश, वरून खाली. साबण टाळा, त्याचा चिकट थर नवी धूळ धरतो. अपवाद तेलकट काजळीचा: साखर कारखान्याच्या पट्ट्यात हंगाम सुरू असताना राख आणि काजळी बसते, तिथे बादलीत भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. पॅनलवर पाय किंवा गुडघा टेकवू नका. काच टिकते, आतला सेल तडकतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. प्रेशर पंप नको, पॅनलच्या मागच्या बाजूला पाण्याचा फवारा नको. धुतल्यावर इन्व्हर्टरने इन्सुलेशनचा दोष (वीज वायरीबाहेर झिरपते आहे असा इशारा) दाखवला आणि ऊन चढल्यावर तो गेला, तर समजा एखाद्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय. तो पावसाळ्याआधी बदलून घ्या.

किती दिवसांनी धुवायचं? कोरड्या महिन्यांत पंधरवड्याने, कच्च्या रस्त्यालगत आठवड्याने. वळवाचा शिडकावा झाला की बघाच, धुळीवर चार थेंब पडले की चिखलाचे ठिपके होतात. कोकणात पाऊस काच धुतो, पण कडांवर शेवाळ धरतं आणि खाऱ्या हवेने नटबोल्ट गंजतात. नेमकं उत्तर तुमचा इन्व्हर्टरच देईल. निरभ्र दिवशी दुपारी 12 वाजता किती वॅट दिसतात ते लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी धुवा आणि 12 ला पुन्हा बघा. फरक दोन-तीन टक्केच असेल तर धुण्यातलं अंतर वाढवा. मे महिन्यातली घट मात्र सगळीच धुळीच्या माथी मारू नका. सेलचं तापमान 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण 0.35 टक्के वीज घटते.

पाण्याने न सुटणाऱ्या गोष्टीही असतात. डीसी आणि एसी डब्यांत एसपीडी असतो, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारं उपकरण. त्याची खिडकी हिरवी आहे ना, बघा. लाल झाली असेल तर वीज कडाडल्यावर आलेला दाब तो आता अडवणार नाही, तो बदलायलाच हवा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला. इन्व्हर्टरच्या मागची, उष्णता बाहेर टाकणारी धातूची पाती कोरड्या ब्रशने झाडा, इन्व्हर्टरवर पोतं झाकू नका. आणि सावली: डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली असतो, म्हणून 20-22 डिसेंबरच्या सुमारास सकाळी 9 आणि दुपारी 3 वाजता गच्चीवर जाऊन बघा. शेजाऱ्यांची नवी टाकी, डिशची छत्री, वाढलेली नारळाची झावळी, यातलं काही एखाद्या पॅनलच्या कोपऱ्यावर पडत असेल तर तिथे धुण्याचा उपयोग नाही. झावळी छाटता येते. टाकी हलणार नसेल तर ते पॅनल तिथून हलवून घ्या.