अतिथी कोण?

नमस्कार. समोर बऱ्याच जणांच्या मांडीवर कोणीतरी छोटं बसलेलं दिसतंय, म्हणून आधीच सांगते, मुलं मधेच बोलली, उठून फिरली तरी खुशाल फिरू द्या. तीस वर्षं मी बालवाडीत शिकवलं. मुलांचा आवाज कानावर असला की मला बरं वाटतं.

आज मी तुम्हाला आमच्या घरातला एक श्रावण सांगणार आहे, २०२५ चा. मला तीन नातवंडं. थोरली नात, मधला नातू आणि धाकटी. तिघांचेही वाढदिवस ऑगस्टात. थोरलीला ३ तारखेला सात पूर्ण झाली, मधल्याला ११ तारखेला पाच, आणि धाकटीला २० तारखेला तीन. त्या वर्षी श्रावण सुरू झाला २५ जुलैला, तोही शुक्रवारी. त्यामुळे महिन्यात पाच शुक्रवार आले, म्हणजे मुलांची राखण करणाऱ्या जिवतीची पूजा पाच वेळा.

जिवतीचा कागद तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी लागतो? हात वर करा बघू. बरेच आहेत की! त्या कागदाकडे कधी मुलाच्या उंचीवरून बघा. वर नरसिंह, मग कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण, मधे लेकरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवर बुध आणि वाघावर बृहस्पती. थोरलीनं विचारलं, "आजी, नरसिंह तर भीतीदायक आहे, तो लहान मुलांच्या चित्रात कशाला?" मी काही बोलायच्या आत तिचं तिलाच उमगलं, "हां, तो प्रह्लादासाठी आला होता!" कृष्ण गोकुळातल्या सवंगड्यांसाठी डोहात उतरला. त्या जरेनं तर दोन तुकड्यांत जन्मलेलं बाळ सांधलं, तोच पुढे मगधाचा जरासंध झाला. मुलांची राखण करणारी ही मंडळी आपल्या आज्या-पणज्यांनी एका कागदावर गोळा केली, आणि तो लावला कुठे, तर रोज येता-जाता दिसेल अशा भिंतीवर. मला याचं फार अप्रूप वाटतं.

दर शुक्रवारी तिघांना कामं वाटून दिलेली होती. थोरलीनं आघाडा आणि दूर्वा निवडायच्या. मधल्यानं चित्रातली लेकरं मोजायची, आणि तो दर वेळी ती नव्यानं मोजायचा. धाकटीकडे गूळ-फुटाण्यांची वाटी. ती देवीपर्यंत पोचेस्तोवर अर्धी व्हायची, ते आम्ही गृहीतच धरलं होतं. मग पुरणाच्या दिव्यांनी तिघांचं औक्षण.

माझी मुलगी, म्हणजे यांची आत्या, जर्मनीत असते. जिवतीच्या कहाणीत ज्या बाईचं मूल सुईणीनं चोरून राणीला नेऊन दिलेलं असतं, ती आई दर शुक्रवारी म्हणते, माझं बाळ जिथं असेल तिथं खुशाल असो, आणि तांदूळ उडवते. ते तांदूळ दूर राजवाड्यात वाढणाऱ्या तिच्या बाळाच्या डोक्यावर पडतात. म्हणून लेकरू परगावी असलं की चारी दिशांना अक्षता टाकायच्या. मी टाकल्या. त्या संध्याकाळी आत्याचा व्हिडिओ कॉल आला, तर थोरलीनं पहिला प्रश्न हाच केला, "आत्या, पडल्या का गं?" माझ्या लेकीनं केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पडल्या." त्यापुढे तिला बोलवेना.

आता वाढदिवसांचं. थोरलीचा पाचवा वाढदिवस आम्ही हॉल घेऊन केला होता. साठ माणसं, मोठे स्पीकर, माइकवर ओरडून खेळ घेणारा एक मुलगा. केक कापायची वेळ झाली तर उत्सवमूर्ती कुठेच दिसेना. ती टेबलाखाली, टेबलक्लॉथ मुठीत धरून बसली होती. तिला बाहेर काढून, डोळे पुसून, पुन्हा फोटोसाठी उभं केलं. त्या उभं करणाऱ्यांत मीही होते, आणि इतकी वर्षं मुलांत काढूनही मी तसं केलं याचं मला आजही वाईट वाटतं.

सातव्या वाढदिवसाला तिलाच विचारलं, काय करूया? ती म्हणाली, "शुक्रवारसारखं करा." रविवार होता. सकाळी न्हाऊमाखू घातलं, पाटाभोवती तिनं स्वतःच वेडीवाकडी रांगोळी काढली. कुंकू, अक्षता, मग सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळली, मग निरांजन. मी अगदी जवळ होते. तिचा श्वास मंदावला होता. निरांजन डावीकडून उजवीकडे गेलं की तिची बुबुळं त्याच्याबरोबर जायची, आणि दोन्ही डोळ्यांत एकेक ज्योत. डोक्यावर कापूस ठेवला, पिकल्या केसांची म्हातारी हो म्हणून, तेव्हा तिनं मान अशी ताठ धरली की कापूस पडू नये. दोन मिनिटांचा कारभार, पण त्या दोन मिनिटांत घरातलं प्रत्येक माणूस फक्त तिच्याकडे बघत होतं. संध्याकाळी केकही झाला, आठ मुलं आली, फुगे फुटले. त्यालाही माझी ना नाही. माझं म्हणणं एवढंच, की मुलाला त्या दिवशी बसायला स्वतःचा पाट हवा, आणि हाताला स्वतःचं काम हवं. साठ माणसांत त्याला दोन्ही मिळत नाही.

मधला जन्मला ११ ऑगस्ट २०२० ला, गोकुळाष्टमीच्या दिवशी. तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा अष्टमी थेट सप्टेंबरात गेली. २०२५ मध्ये ती पडली १५ ऑगस्टला. तो दिवस काय सांगू! सकाळी सोसायटीत झेंडावंदन, संध्याकाळी चौथ्या शुक्रवारची जिवती, रात्री कृष्णजन्म. याला वाटत होतं सगळं आपल्याच वाढदिवसासाठी चाललंय. जन्माला जागायचं म्हणून हटून बसला आणि साडेदहाला पाळण्याची दोरी हातात धरूनच झोपला. बारा वाजता सुंठवडा त्याच्या ओठांना लावला, तो त्यानं झोपेतच चाटला.

नागपंचमीची दिंडं, नारळीभात, राख्या, हे सगळं झालंच, ते तुमच्याही घरी होतं. सुनेचं माहेर नागपूरचं. ती चाकांवरचा लाकडी बैल घेऊन आली, आणि तान्ह्या पोळ्याला, म्हणजे विदर्भातल्या मुलांच्या पोळ्याला, तिघं तो ओढत मजल्यावरच्या प्रत्येक दारात गेली. बैल घेऊन आलेल्या मुलांच्या हातावर जे पैसे किंवा खाऊ ठेवायचा तो बोजारा, हे पुण्यातल्या शेजाऱ्यांना सुनेनं दारोदार समजावून सांगितलं.

त्याच्या आदल्या दिवशी, २२ ऑगस्टला, पिठोरी अमावस्या. शुक्रवारच होता, पाचवा. सून खीर-पुरीचं वाण डोक्यावर घेऊन मुलांकडे पाठ करून बसली आणि तिनं विचारलं, "अतिथी कोण?" मागून उत्तर द्यायचं, "मी आहे," आणि वाण घ्यायचं. आईनं मागे वळून बघायचं नाही, आवाजावरून ओळखायचं. थोरलीनं नीट सांगितलं. मधला लाजला, पण म्हणाला. धाकटी तर तिन्ही वेळा "मी! मी!" करत होती, त्यामुळे तिला तीनदा खीर मिळाली.

सुनेचं आवरल्यावर मी ताट घेतलं. माझा मुलगा अडतीस वर्षांचा, नुकताच ऑफिसातून येऊन दारात बूट काढत होता. मी त्याच्याकडे पाठ केली, ताट डोक्यावर धरलं आणि विचारलं, "अतिथी कोण?" बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग धाकटीचा आवाज आला, "बाबा, म्हण ना." आणि अगदी माझ्या खांद्यापाशी, तो म्हणाला, "मी आहे, आई."