नोंद सहावी आणि नोंद सातवी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राने कोणत्या विषयांवर कायदे करावेत आणि राज्यांनी कोणत्या, याची वाटणी केलेली आहे. त्यातील राज्यसूची काढून पाहिली, तर सहाव्या क्रमांकावर सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय आहेत, आणि त्यांच्या अगदी खाली, सातव्या क्रमांकावर, भारताबाहेरच्या यात्रा वगळून बाकीच्या तीर्थयात्रा. दवाखाना आणि यात्रा असे एकाखाली एक कसे आले, असा प्रश्न एखाद्याला पडेल. पण पंढरपूरच्या जुन्या यात्रांच्या गोष्टी ज्याने घरात ऐकल्या आहेत, त्याला तो पडणार नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात अफाट गर्दी, अंघोळीला आणि पिण्याला तेच पाणी, आणि यात्रा पांगली की पटकीची साथ वारकऱ्यांच्या बरोबरीने गावोगाव परतायची. माझी आजी वारीच्या आठवणी सांगायला बसली की अभंगांच्या आधी सुईची आठवण सांगायची. निघण्यापूर्वी पटकीची लस टोचून घ्यायची, तिचा दाखला कमरेच्या पिशवीत जपून ठेवायचा. मग दंड सुजायचा, रात्री ताप भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दुखऱ्या हाताने बोचके उचलून चालू लागायचे. विठ्ठलाच्या आणि आपल्या मध्ये सरकारने सुई आणली, अशी तक्रार तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. टोचणारा माणूस आडदांड होता आणि बायाबापड्यांशी अरेरावीने बोलायचा, एवढेच ती सांगायची.

आजच्या भाषणात मला जे मांडायचे आहे, ते या तक्रारीच्या अवतीभवतीच आहे. साथ आली की श्रद्धा आणि आरोग्य यांचे भांडण जुंपते, असे आपण गृहीत धरतो. घटनेपुरते पाहिले, तर हे भांडण केव्हाच मिटलेले आहे. धर्मस्वातंत्र्य देणारे पंचविसावे कलम हक्क देण्याआधीच अट घालते, की हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहील. त्यामुळे साथीत देऊळ बंद करण्याचा अधिकार राज्याला आहे की नाही, यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. तो अधिकार कोण वापरतो, कोणाला विचारून वापरतो आणि सर्वांना सारखा लावतो की नाही, याचे उत्तर मात्र कोणत्याही कलमात लिहिलेले नाही, आणि आपल्या महाराष्ट्रात जे काही बिनसले ते इथेच बिनसले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढच्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग अधिनियम मंजूर करून घेतला. अवघ्या चार कलमांचा कायदा; त्यातले शेवटचे कलम सांगते, की या कायद्यानुसार सद्हेतूने काम करणाऱ्यावर कोणालाही दावा लावता येणार नाही. पुण्यात प्लेग कमिशनर म्हणून वॉल्टर रँड आला आणि घरझडतीसाठी त्याने गोरे सोजीर रस्त्यावर उतरवले. बूट घालून माजघरात, स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरलेल्या या शिपायांविषयी, आणि बायकांच्या उघड्यावर केलेल्या तपासणीविषयी, त्या वेळी जो संताप उसळला, त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. मात्र त्याच पुण्यात रोग्यांना वेगळे ठेवण्याच्या कल्पनेला सरसकट विरोध होता, असे म्हणणे चुकीचे ठरेल. सरकारवर आसूड ओढणाऱ्या टिळकांनीच शहरात हिंदू प्लेग रुग्णालय उभे करायला हातभार लावला होता. सावित्रीबाई फुले मुलाच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. तिकडे मुंबईत हाफकिन यांची नवी लस घ्यायला लोक बिचकत होते, तेव्हा खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी ती आधी स्वतः टोचून घेतली आणि अनुयायांची भीती घालवली. हुकूम आणि संगीन यांनी जे साधले नाही, ते एका धर्मगुरूच्या उघड्या दंडाने साधले.

श्रोतेहो, कोरोनाची साथ आली तेव्हा याच चार कलमांच्या कायद्याची धूळ झटकून मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने तो पुन्हा लागू केला. पण एक गोष्ट त्या गदारोळात मागे पडली, ती मुद्दाम सांगतो. देशभराची टाळेबंदी २४ मार्चला रात्री जाहीर झाली. त्याच्या आठवडाभर आधीच सिद्धिविनायक, शिर्डीचे साईमंदिर आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर यांनी भाविकांसाठी दारे लावून घेतली होती. पंढरपूरला पदस्पर्शदर्शनाची रीत आहे. इथे देवाच्या अंगाशी जाता येते, पायांवर डोके ठेवता येते. गाभारा लहान, बाहेर हवा जायला वाट नाही, आणि त्याच पाषाणावर दिवसभरात हजारो कपाळे टेकतात. हवेतून आणि जवळिकीतून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा कोणती, हे देवस्थानांच्या कारभाऱ्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

मग आषाढी आली. २०२० ची वारी ज्या पद्धतीने झाली, त्याला माझ्या लेखी या साऱ्या काळात तोड नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पालखी सोहळा ही वाट जवळजवळ तीन आठवडे चालत काढतो. त्या वर्षी मोजक्या माणसांत १३ जूनला प्रस्थान झाले, आणि माउलींच्या पादुका आळंदीतच आजोळघरी विसावल्या. पुढचे सतरा दिवस त्या तिथेच होत्या. प्रस्थान झाले, म्हणजे परंपरेच्या हिशेबात वारी निघाली. आणि पाऊल तर गावाबाहेर पडले नाही. दशमीला, ३० जूनला, फुलांनी सजवलेल्या एसटीच्या बसमधून पादुका निघाल्या आणि तीन आठवड्यांची वाट एका दिवसात संपली. देहूच्या पादुकाही तशाच बसने आल्या. पूजेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे मुंबईहून स्वतः गाडी चालवत गेले. दरवर्षी दर्शनरांगेतल्या जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून पूजेला बोलावतात; त्या वर्षी रांगच नव्हती, म्हणून मंदिरात वीणा घेऊन पहारा देणाऱ्या वीणेकऱ्यांना आणि त्यांच्या पत्नीला तो मान मिळाला. नेम चुकला नाही, गर्दी झाली नाही, आणि हे सारे ठरले ते सोहळ्याचे मानकरी, संस्थाने आणि सरकार यांनी एकत्र बसून. शेकडो वर्षांच्या परंपरेला एसटीच्या बसमध्ये बसवण्याचा मार्ग बाहेरचा कोणी आदेश देऊन सापडला नसता. प्रस्थान म्हणजे काय आणि भेट म्हणजे काय, हे जाणणाऱ्यालाच कोठे वाकता येते हे कळते. त्याच वर्षी सार्वजनिक गणेशमूर्तींची उंची चार फुटांवर आली, आणि लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्तीच न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला.

इथपर्यंत सारे समजुतीने चालले होते. राजकारणाचे पाऊल पडले ते त्यानंतर, आणि ते केवळ एका बाजूने पडले असे मी म्हणणार नाही.

५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातील हॉटेले आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. देवळे, मशिदी, चर्च बंदच राहिली. सामान्य भाविकाला हे खटकले, आणि खटकण्यासारखेच होते. मद्यालय उघडे आणि देवालय बंद, या वाक्यात प्रचाराची धार होती हे खरे, पण त्याखाली एक रास्त प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांनीही ऑगस्टमध्ये मुंबईच्या तीन जैन मंदिरांना पर्युषणात मर्यादित परवानगी देताना, पैशाचा संबंध येतो तिथे धोका पत्करला जातो आणि मंदिराचा विषय निघाला की साथ आठवते, अशा आशयाची टिप्पणी केली होती. सरकारकडे उत्तर नव्हते असे नाही. हॉटेलातली खुर्ची मोजता येते, यात्रेतला माणूस मोजता येत नाही. आरती, नमाज, प्रार्थना यांत लोक एकाच वेळी जमतात आणि एकत्र गातात, म्हणतात. पण हे उत्तर कोणी शांतपणे, वारंवार, लोकांना समजेल अशा भाषेत दिले नाही. तोवर भारुडातल्या हाकेवर बेतलेली ‘दार उघड उद्धवा, दार उघड’ ही घोषणा देत विरोधी पक्षाने घंटानाद केला होता, आणि प्रकाश आंबेडकरांनी पंढरपूरच्या मंदिरासमोर आंदोलन करून झाले होते.

त्यानंतर १२ ऑक्टोबरचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचे पत्र आले. देवळे उघडणे पुढे ढकलण्याचा दैवी संकेत आपल्याला मिळतो आहे, की ज्या शब्दाचा आपण तिरस्कार करत होता तो ‘सेक्युलर’ शब्द आपण अचानक अंगीकारला, असा प्रश्न त्यात मुख्यमंत्र्यांना विचारला होता. मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी उलट उत्तर दिले, की माझ्या हिंदुत्वाला आपल्या प्रमाणपत्राची गरज नाही. त्या दोन पत्रांवर वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले, पंतप्रधानांपर्यंत तक्रार गेली. मला आजही खेद वाटतो तो याचा, की घटनेची शपथ घेतलेल्या दोन व्यक्तींच्या या पत्रव्यवहारात सेक्युलर हा घटनेच्या उद्देशिकेतला शब्द टोमण्यासारखा वापरला गेला, आणि गाभाऱ्यातली हवा, रांगेतले अंतर, वृद्ध भाविकांची संख्या हे मूळ विषय बाजूला पडले. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळे उघडली. पंढरपूरला तेव्हा दुरून मुखदर्शन तेवढे मिळे.

याहून अवघड प्रसंग पुढच्या एप्रिलमध्ये आला. दुसरी लाट चढत असताना ५ एप्रिल २०२१ पासून राज्यातील सर्व प्रार्थनास्थळे पुन्हा बंद झाली. पंढरपूर-मंगळवेढ्याचे आमदार भारत भालके यांचे आधीच्या नोव्हेंबरमध्ये कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने निधन झाले होते, आणि त्या रिकाम्या जागेची पोटनिवडणूक १७ एप्रिलला ठरली होती. म्हणजे विठोबाचे महाद्वार बंद, आणि त्याच मतदारसंघात दोन्ही बाजूंचे मोठे नेते सभा घेताहेत. निवडणूक घेणे हे निवडणूक आयोगाचे काम, राज्य सरकारच्या हाती ते नव्हते, हा खुलासा कायद्याने बिनचूक आहे. पण देवळापुढे हात जोडून कळसाचे दर्शन घेऊन परतणाऱ्या माणसाला सभेचा मंडप दिसतो, सूचीतल्या नोंदी दिसत नाहीत. मंदिरे बंद ठेवा म्हणणारे आणि मंदिरे उघडा म्हणणारे असे दोघेही त्या मंडपांत होते, आणि गर्दी जमवण्याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता. त्या जुलैत पायी वारीचा आग्रह धरणाऱ्या बंडातात्या कराडकरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. पायी वारीचा त्यांचा आग्रह मला तेव्हाही पटला नव्हता. पण एप्रिलच्या सभा ज्यांनी पाहिल्या होत्या, त्यांना ही कारवाई कशी समजावून सांगायची, हे मला सुचले नव्हते.

नियम सारखा नसला म्हणजे काय होते, याचे दुसरे रूप अधिक काळे होते. मार्च २०२० मधल्या दिल्लीच्या निजामुद्दीनमधील तबलिगी जमातच्या मेळाव्यानंतर मुस्लिम समाजाकडेच रोगाचे मूळ म्हणून बोट दाखवले गेले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला गेलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, तेव्हा या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याचे न्यायालयाला नमूद करावे लागले. त्या आधी मुंबईत कोरोनाने गेलेल्यांचे दफन न करता सर्वांचे दहनच करावे, असे परिपत्रक निघाले आणि काही तासांत मागे घेतले गेले. पुढे उच्च न्यायालयानेही दफनाचा हक्क मान्य केला.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, देवळे पुन्हा उघडली. पंढरपुरात पायांवर डोके ठेवण्याची मुभा मात्र त्यानंतरही सहा महिने नव्हती. ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला मिळाली. त्या आषाढीला दोन वर्षांच्या खंडानंतर पालख्या पायी निघाल्या. त्या वाटेवर असतानाच मुंबईत सरकार पडले, आणि १० जुलैच्या पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी केली. मानाचे वारकरी त्या वर्षी पुन्हा रांगेतून निवडले गेले.

नमस्कार.