बॉम्बे डक आणि डाकगाडीची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' का म्हणतात, याची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. सुक्या बोंबलाची पोती मुंबईहून टपालगाडीनं जायची, डब्यात वास भरून राहायचा. गाडी 'बॉम्बे डाक', म्हणून मासाही बॉम्बे डाक. पुढे साहेबाच्या तोंडी डाकचं डक झालं.

गोष्ट झकास आहे, पण तारखांपुढे टिकत नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला. कलकत्त्यापर्यंत रूळ जोडले गेले १८७० साली. आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८०३ सालीच मुंबईच्या फौजेतल्या लोकांना 'डक्स' म्हणतात! मद्रासवाले 'मल', बंगालवाले 'कोई है', तसे मुंबईवाले 'डक'. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात तर हे टोपणनाव माशावरूनच पडलं असावं, असं म्हटलंय. मग डाकगाडी आलीच कुठून?

त्याच कोशातली याहून जुनी नोंद मला फार मोलाची वाटते. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत होता. माझगाव हे कोळ्यांचं मोठं गाव, 'बम्बेलो' नावाच्या माशासाठी नावाजलेलं, आणि हा मासा म्हणजे गोरगरिबांचा आधार, असं तो लिहितो. बम्बेलो... बोंबील. जरा मोठ्यानं म्हणून पाहा. हाच शब्द पुढे इंग्रजीत 'बमेलो' म्हणून रुळला. बमेलो आणि बॉम्बे, कानाला किती जवळचे! 'बॉम्बे डक'मधलं 'बॉम्बे' या बमेलोवरूनच वळलं असावं, असं मला वाटतं; यूल आणि बर्नेल मात्र दोन्ही नावांचं मूळ अस्पष्ट आहे, एवढंच म्हणतात. तसं असेल तर या इंग्रजी नावाच्या पोटात आपल्या कोळीवाड्यातला बोंबील बसलाय. त्याचं श्रेय डाकगाडीला देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

ओला बोंबील नुसता लिबलिबीत, पाण्यानं भरलेला. दूर न्यायचा तर सुकवायलाच हवा. वर्सोव्याला, सातपाटीला किनाऱ्यावर पाहा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. बारीक आकड्यांसारखे दात असतात, त्यामुळे वाऱ्यानंही जोडी सुटत नाही. असा कडक वाळलेला बोंबील साहेबाच्या ताटात करी-भातावर कुस्करून पडायचा, आणि त्या ताटात तो 'डक' म्हणून ओळखला जायचा.