मतपत्रिकेवर न छापलेला पर्याय

१६ मार्च २०१४ रोजी, युक्रेन सोडायचं की नाही यावरच्या सार्वमतात, क्रिमियातल्या मतदाराच्या हातात पडलेला कागद आधी नीट बघू. रशियन, युक्रेनियन आणि क्रिमियन तातार अशा तीन भाषांत छापलेली ही मतपत्रिका. पर्याय दोन. क्रिमियाने रशियात सामील व्हावं, हा पहिला. क्रिमियाची १९९२ ची घटना पुन्हा लागू करून युक्रेनमध्ये राहावं, हा दुसरा. घाईत वाचणाऱ्याला वाटतं, ठीक आहे, एक जाण्याचा आणि एक राहण्याचा. पण त्या १९९२ च्या घटनेत क्रिमियाला फार मोठे, बरेचसे स्वतंत्र राज्यासारखे अधिकार होते. ज्याला ‘आज आहे तसंच चालू द्या’ एवढंच म्हणायचं होतं, त्याने खूण करायची कुठे? तशी जागाच कागदावर नव्हती. तारखेचंही तेच. आधी २५ मे ठरली, मग ३० मार्च, मग १६ मार्च. बिल्ले नसलेल्या गणवेशातले सशस्त्र रशियन सैनिक २७ फेब्रुवारीला क्रिमियाच्या संसदेच्या इमारतीत घुसले, तिथून मतपेटीपर्यंत तीन आठवडेही लागले नाहीत.

यावर वाद घालणारे दोन गटांत वाटले जातात. एक गट म्हणतो, तिथे रशियनांचीच बहुसंख्या, त्यांना जायचं होतं, तुम्ही कोण अडवणारे? दुसरा म्हणतो, सगळं मॉस्कोने घडवून आणलं, लोकांच्या इच्छेचं नाव कशाला घेता? दोघंही एकच चूक करतात असं मला वाटतं. लोकांचं गाऱ्हाणं खरं आहे का, हा एक हिशेब. बाहेरच्याने त्यात हात का घातला आणि त्याच्या पदरात काय पडलं, हा दुसरा. दोन्ही एकाच वहीत लिहिले की घोटाळा होतो. आणि तो बहुतेक वेळा मुद्दाम केलेला असतो. जाता जाता सांगतो, डिसेंबर १९९१ मध्ये युक्रेनच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालं तेव्हा याच क्रिमियात सुमारे ५४ टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली होती. लोकांची इच्छा ही काही दगडावरची रेघ नसते.

हा घोटाळा उघडा बघायचा तर पनामाला जावं लागतं. पनामा तेव्हा कोलंबियाचा प्रांत. त्याचं गाऱ्हाणं जुनं आणि खरं होतं. राजधानी दूर, दुर्लक्ष कायमचं. १८४० मध्येही तो वर्षभर वेगळा होऊन परतला होता. अमेरिकेला तिथे कालवा हवा होता. ऑगस्ट १९०३ मध्ये कोलंबियाच्या सिनेटने कालव्याचा करार फेटाळला. २ नोव्हेंबरला अमेरिकेची ‘नॅशव्हिल’ ही युद्धनौका कोलोन बंदरात आली, ३ तारखेला पनामाने स्वातंत्र्य जाहीर केलं, ६ तारखेला अमेरिकेने मान्यता देऊन टाकली. १८ नोव्हेंबरला कालव्याचा नवा करार झाला. त्यावर पनामाच्या वतीने सही कोणी केली? फिलिप ब्युनो-व्हारिया या फ्रेंच इंजिनिअरने. जुन्या फ्रेंच कालवा कंपनीत त्याचे हितसंबंध गुंतलेले होते. पनामाचं खरं शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोचलं तोवर सही होऊन काही तास उलटले होते! देशाच्या मधोमध दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा देऊन टाकला गेला. अखेर कालवा पनामाच्या हाती आला तो ३१ डिसेंबर १९९९ ला. गाऱ्हाणं पनामाकरांचं होतं, पोळी भाजून घेतली दुसऱ्याने. पण म्हणून पनामा हा बनावट देश आहे असं आज कोणी म्हणेल का?

कायद्याकडे वळावं तर तो या बाबतीत फारसा हाताशी येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेत जनसमूहांचा स्वयंनिर्णयही आहे आणि देशाच्या अखंडतेविरुद्ध बळ वापरायला बंदीही आहे. ज्याला जे सोयीचं, ते कलम तो वाचून दाखवतो. सर्बियापासून फुटून कोसोव्होने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याआधी १९९९ मध्ये नाटोने सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले होते. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की स्वातंत्र्याची ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही. फुटून निघण्याचा हक्क आहे का, या प्रश्नाला न्यायालयाने हातही लावला नाही. पण कोसोव्होला कडाडून विरोध करणाऱ्या रशियाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या क्रिमियाच्या संसदेने ११ मार्च २०१४ च्या आपल्या स्वातंत्र्याच्या घोषणेत आधार घेतला तो याच मताचा. आणि कोसोव्होला मान्यता देणाऱ्यांना अचानक अखंडतेचं कलम आठवलं.

आता दुसऱ्यांवर हसून झालं असेल तर घराकडे वळू. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या राखीव जागा धरून १६९ पैकी १६७ जागा जिंकल्या. पाकिस्तानच्या संपूर्ण सभागृहात तिचं बहुमत होतं. म्हणजे इथे अल्पसंख्य प्रदेश फुटून निघाला नाही. बहुमताला सत्ता नाकारली गेली आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री त्याच्यावर रणगाडे सोडले गेले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. भारताने मुक्तिवाहिनीला शस्त्रं दिली, प्रशिक्षण दिलं, डिसेंबरात सैन्यही घातलं. हा परकीय हस्तक्षेप नव्हता असं म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाच्या बाजूने १०४ देशांनी मत दिलं. विरोधात आपण धरून ११. भारताला पाकिस्तान दुभंगायला नकोच होता, असंही म्हणू नये. तरीही मी १९७१ ला क्रिमियाच्या रांगेत बसवत नाही. कारण तिथलं मत आधी पडलं होतं, सैन्य नंतर गेलं. आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य परतलं, भूभाग न घेता. क्रिमियात सैन्य आधी आलं, मत मागाहून पडलं आणि भूभाग रशियाने दोन दिवसांत जोडून घेतला. क्रम बघत चला, एवढंच माझं सांगणं आहे.

बाहेरच्याने बंदूकच आणायला हवी असं नाही. २४ जुलै १९६७ ला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियलच्या नगरभवनाच्या सज्जातून ‘स्वतंत्र क्वेबेक चिरायू होवो’ अशी घोषणा दिली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी कडक शब्दांत नापसंती कळवली आणि पाहुणे राजधानीला न जाताच घरी गेले. पुढे १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की क्वेबेकला एकतर्फी निघून जाण्याचा हक्क नाही. पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट कौल मिळाला, तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावंच लागेल.

कोणी विचारेल, मग मतपत्रिकेवर नसलेला तो तिसरा पर्याय छापायचा कोणी? फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या ओलांड बेटांचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथले लोक स्वीडिश बोलणारे, त्यांना स्वीडनमध्येच जायचं होतं. १९१८ मध्ये स्वीडनने सैनिकही उतरवले होते. फिनलंडने १९२० मध्ये स्वायत्ततेचा कायदा देऊ केला, तो बेटवासीयांनी झिडकारला. प्रकरण राष्ट्रसंघाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेकडे गेलं. १९२१ मध्ये निकाल लागला: बेटं फिनलंडचीच, पण स्वीडिश भाषेची, जमिनीची आणि स्वशासनाची पक्की हमी द्यायची, आणि तिथे लष्करी ठाणी उभारायची नाहीत. स्वीडनला हे रुचलं नाही, पण त्याने मानलं. ९ जून १९२२ ला बेटांच्या विधिमंडळाची पहिली बैठक भरली. या विधिमंडळाची मागणी तिथल्या लोकांनी केलेलीच नव्हती. आज दर ९ जूनला तिथे स्वशासनाचा दिवस साजरा होतो.