आधी धावायला लागा, मग मागा

मित्रहो, पत्रिकेवर विषय ‘निधी कसा उभारावा’ असा छापला आहे. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी टेरी फॉक्सबद्दल बोलू द्या. त्याच्याशिवाय मला हा विषय सुरूच करता येत नाही.

तुमच्यातले काही जण त्याच्या नावाच्या दौडीत धावलेही असतील. कॅनडातला हा मुलगा. १९७७ साली, वयाच्या १८व्या वर्षी, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचारांच्या काळात त्यानं आजूबाजूचे रुग्ण पाहिले, त्यात लहान मुलंही होती. ते त्याला विसरता आलं नाही. संशोधनासाठी पैसा उभा करायचा आणि त्यासाठी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचं, असं त्यानं ठरवलं.

१२ एप्रिल १९८०ला तो सेंट जॉन्सहून निघाला, कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवून. रोज साधारण ४२ किलोमीटर! इथं मॅरेथॉन धावलेले कोण आहेत? वर करा हात. वा! शेजारच्यांनी त्यांना नंतर जरूर विचारा, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना काय होतं ते. हा मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच धावायचा.

सुरुवातीला वारा, पाऊस, बर्फ आणि मोकळे रस्ते. फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. मग पोर्ट ऑ बास्क हे गाव आलं. वस्ती दहा हजारांची आणि गावानं दिले दहा हजार डॉलरहून जास्त. म्हणजे माणशी एक डॉलर! तिथून त्याच्या मनात आलं, की साऱ्या देशाकडूनच माणशी एक डॉलर मागावा. लक्षात घ्या, हा आकडा कुठल्या बैठकीत ठरला नाही, तो रस्त्यात सापडला.

१४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर, १ सप्टेंबरला, थंडर बेजवळ तो थांबला. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. पण देश जागा झाला होता. फेब्रुवारी १९८१पर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलर जमले, जवळपास तेवढीच तेव्हाची लोकसंख्या. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला, २२ वर्षांचा होता.

माझी तक्रार इथंच आहे, आणि ती मनापासूनची आहे. चांगल्या कामाची पहिली बैठक भरते आणि पहिलाच प्रश्न येतो, ‘पैसा कुठून आणायचा?’ मग काम पैशाची वाट पाहत बसतं. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं १९१६ला. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींची १५ लाखांची देणगी आली १९२०ला. कामाला चार वर्षं झाली होती, मुली शिकत होत्या. देणाऱ्याला डोळ्यांनी बघता येईल असं काहीतरी समोर होतं!

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय, म्हणून छापलेला विषय भराभर सांगतो. मागताना नेमका आकडा सांगा आणि त्यातून काय होणार तेही सांगा. ‘यथाशक्ती द्या’ म्हटलं की समोरचा गोंधळतो. प्रत्यक्ष भेटून मागा. मोठ्या देणगीदाराच्या मागे धावताना शंभर रुपये देणाऱ्याला विसरू नका, पुढच्या वर्षी तोच पुन्हा देतो.

आणि कार्यालयाचा खर्च लपवू नका. टेरीच्या पाठीशी गाडी होती, ती चालवणारा मित्र होता, इंधन लागत होतं. ‘माझा पैसा थेट रुग्णालाच जावा’ म्हणणाऱ्याला शांतपणे समजावून सांगा, की हिशेब ठेवणाऱ्या, रुग्णाला दवाखान्यात नेणाऱ्या माणसालाही पगार लागतो. पावती त्याच दिवशी द्या. वर्षअखेरीला प्रत्येक देणगीदाराला पत्र पाठवा, त्यात न जमलेली कामंही लिहा. प्रश्न असतील तर बाहेर व्हरांड्यात थांबतो, तिथं बोलू.