वीतभर अँटेना आणि मीटरचा खोटा दिलासा

नमस्कार मंडळी. हा हँडी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा हातात धरायचा वायरलेस सेट, आणि हा त्याचा 15 सेंटिमीटरचा रबरी अँटेना. आता हिशेब बघा. 145 मेगाहर्ट्झला तरंगलांबी येते 2.07 मीटर, तिचा पाव 52 सेंटिमीटर. तेवढी सरळ काठी हवी, आणि आपल्याकडे आहे वीतभर. बाकीची लांबी या रबराच्या आत वेढ्यांमध्ये दडलीये.

वेढ्यांमुळे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध, वाढतं, उंचीच्या दिशेनं लहर हळू सरकते, आणि आखूड असूनही अँटेना रेझोनन्सला येतो, म्हणजे आपल्या फ्रिक्वेन्सीशी त्याचा सूर जुळतो. गुंडाळीचा व्यास 8 मिलिमीटर धरला तर गणितातून साधारण 45 वेढे निघतात, तार लागते 1.1 मीटर. पाव तरंगलांबीची तार घ्या आणि गुंडाळा, असं बरेच जण सांगतात. त्यानं भागत नाही. मी तर 50 वेढे घालतो आणि टोकाकडून थोडं थोडं कापत जातो. मात्र रबराची नळी चढवूनच मोजा, कारण नळीमुळे रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी खाली घसरते.

बरं, हेलिकल, म्हणजे अशी गुंडाळीची अँटेना, म्हटलं की काहींना अमेरिकेतल्या ओहायोच्या जॉन क्राउस या संशोधकाचा 1946 चा अँटेना आठवतो. तो वेगळा. त्यात एका वेढ्याचा परीघच जवळपास एक तरंगलांबी असतो, म्हणजे आपल्या फ्रिक्वेन्सीला व्यास 66 सेंटिमीटर. खिशात नाही मावणार.

आता खरी गोम. अँटेनातून लहरी बनून बाहेर पडणारी ताकद ज्या रोधाच्या हिशेबात मोजतात, तो प्रारण-रोध. पाव तरंगलांबीच्या सरळ काठीचा तो 36 ओहम असतो. आपल्या वीतभर गुंडाळीचा? साडेतीनच्याही आत. आणि तोही खाली उत्तम ग्राउंड असेल तर. त्यामुळे तारेचा स्वतःचा एखादा ओहमसुद्धा इथे मोठा खड्डा पाडतो, ताकद उष्णतेत वाया जाते. 145 मेगाहर्ट्झला प्रवाह मुख्यतः तांब्याच्या वरच्या साडेपाच मायक्रॉनच्या थरातून वाहतो. म्हणून स्प्रिंगची पोलादी तार चालते, पण तिच्यावर तांब्याचा चांगला मुलामा हवा. नुसतं पोलाद नको.

आणि इथेच एसडब्ल्यूआर मीटर फसवतो. अँटेनाकडे पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत फिरते हे तो दाखवतो; 1 म्हणजे काहीच परत नाही. उष्णतेतलं नुकसान वाढलं की अँटेनाच्या जोडणीपाशी दिसणारा रोध रेडिओला हव्या असलेल्या 50 ओहमकडे सरकतो, आकडा छान दिसतो, बँडविड्थही, म्हणजे अँटेना चालणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टाही, रुंद होते! डमी लोडचा, म्हणजे सगळी ताकद उष्णतेत जिरवणाऱ्या रोधाचा, एसडब्ल्यूआर 1 असतो, म्हणून तो काही अँटेना होत नाही. इतक्या लहान अँटेनाला रुंद बँड आणि चांगली कार्यक्षमता दोन्ही मिळत नाहीत. व्हीलर या अभियंत्यानं 1947 मध्ये आणि चू या संशोधकानं 1948 मध्ये ही मर्यादा मांडलीये. त्यामुळे ‘सगळ्या बँडवर चालतो’ अशी वीतभर अँटेनाची जाहिरात दिसली, की मला पहिली शंका येते ती उष्णतेची.

मग सुधारणा कुठे करायची? अँटेनाच्या दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे ग्राउंडमध्ये. इथे ते काम रेडिओची बॉडी आणि तुमचा हात करतात, तेही जेमतेम. कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याला 49 सेंटिमीटरची मऊ तार जोडा आणि खाली लोंबू द्या. दिसायला शेपटी, पण पाच रुपयांत यापेक्षा मोठा फायदा मला माहीत नाही. तार जोडली की रेझोनन्स हलतो, तेव्हा कापाकापी तिच्यासकटच करा.

दोन अँटेनांची तुलना करताना एसडब्ल्यूआर मीटर बाजूला ठेवा. हौशी रेडिओचा परवाना असलेल्या मित्राला मोकळ्या मैदानापलीकडे उभं करा, रेडिओ त्याच उंचीवर, त्याच हातात धरा, फक्त अँटेना बदला आणि त्याच्याकडचं सिग्नलचं रीडिंग विचारा.