दगड आधी, पट्टा नंतर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा: दगड आणि पेस्ट लावलेला चामड्याचा पट्टा वापरून वस्तऱ्याला धार लावणं. ते सांगणारच आहे. पण एक गोष्ट आधीच बोलून टाकतो, कारण ती बोलायलाच मी मालवणपर्यंत आलोय. पेस्टने धार लागत नाही. धार लागते दगडावर. पेस्ट ती फक्त राखते.

हे इतक्या आग्रहाने सांगायचं कारण म्हणजे घरात सापडलेला आजोबांचा वस्तरा घेऊन तरुण मुलं येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "हिरवी पेस्ट कुठली घेऊ?" त्यांचा दोष नाही. त्यांना दाखवणारं कोणी उरलं नाही. सलूनमध्ये आज जो वस्तरा असतो त्यात अर्धं ब्लेड बसतं, आणि गिऱ्हाईक उठलं की ते फेकतात. एचआयव्हीची जाणीव झाल्यावर हा बदल आला आणि तो योग्यच आहे. जिथे रक्ताचा संबंध येतो तिथे जुन्याची हळहळ नको. पण त्याबरोबर धार लावणारे हात एका पिढीत थांबले. म्हणून हे आता घरच्या घरी, स्वतःच्या दाढीपुरतं शिकायला हवं.

आता आमच्या थोरल्या काकांच्या वस्तऱ्याचं सांगतो. शेफिल्डचं पातं, शिंगाची मूठ. काका गेल्यावर आत्तेभावाने तो मोठ्या मायेने शहरातल्या एका दुकानात धारेला दिला. दुकानदाराने विजेच्या साणेवर धरला. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत काम झालं, पैसेही घेतले. वस्तरा घरी आला तेव्हा चकचकीत होता, आणि धारेला लागून बोटभर लांबीचा निळा पट्टा होता. आत्तेभावाला तो रंग आवडला! मी काही बोललो नाही, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तो निळा रंग म्हणजे काय, ते तुमच्या गावातला कुठलाही लोहार सांगेल: पाणी उतरलं. पोलाद लाल तापवून एकदम विझवलं की अतिशय कडक होतं, आणि तितकंच ठिसूळ. मग ते पुन्हा बेताने तापवायचं. साधारण २२० अंश सेल्सिअसला पृष्ठभागावर फिकट पिवळी छटा येते. वस्तऱ्याला थांबायचं ते याच्या आसपास. ३०० अंशांच्या सुमारास निळा रंग येतो. स्प्रिंगला तो चांगला, वस्तऱ्याला नाही, कारण तेवढ्या उष्णतेने पोलाद मऊ पडतं. वस्तऱ्याची कड इतकी पातळ की कोरड्या साणेवर ती क्षणात तापते. त्या निळ्या भागावर जगातला कुठलाही दगड फिरवा, धार लागेल आणि एका दाढीत बसेल. उपाय एकच, तो भाग पूर्ण घासून काढायचा. म्हणजे काकांचं निम्मं पातं गेलं. हात जोडून सांगतो, वस्तरा साणवाल्याला देऊ नका. कोयता द्या, विळी द्या, वस्तरा नको.

मागून एक आजोबा विचारतायत, "आमच्या जांभ्यार धार लागतली काय?" प्रश्न फार चांगला आहे. नाही लागायची. जांभा सच्छिद्र, त्याचा कण एकसारखा नाही. वस्तऱ्याच्या दगडाची सगळी किंमत बारीक आणि समान कणात असते. बेल्जियममध्ये व्हिएलसाल्मच्या परिसरात पिवळसर कोटिक्यूल दगड मिळतो. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात, आणि शतकानुशतकं लोक त्यावर वस्तरे लावत आलेत. आपल्याला एवढं लांब जायला नको, कारखान्यात बनवलेले पाण्याचे दगड पुरतात.

आणि किनाऱ्यावरच्यांनी एक लक्षात ठेवा. जुना वस्तरा साध्या कार्बन पोलादाचा असतो आणि आपली हवा खारी. ओला ठेवलात तर गंज आधी धारच खातो, कारण तिथेच धातू सगळ्यात पातळ. पुसा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवा. खोबरेल कालांतराने चिकट होतं. आषाढ-श्रावणात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी धरते, म्हणून तो भिंतीला चिकटून नको, वारा लागेल असा टांगा.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केलंय. तर मुख्य भाग भरभर घेतो.

वस्तऱ्याचा कोन हाताने धरायचा नसतो. पाठीची जाडी पात्याच्या रुंदीच्या पाव हिश्शाहून थोडी जास्त असते. त्यामुळे पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकली की सोळा-सतरा अंशांचा कोन आपोआप मिळतो. पाठ उचलायची नाही, एवढा एकच नियम. आधी दगड सपाट करा: पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा.

मग १००० नंबरचा दगड (नंबर जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक), पाणी, आणि धार पुढे ठेवून हलक्या हाताने फेऱ्या. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब पडतं, म्हणून मुठीकडून टोकाकडे तिरकं सरकवत न्या. दोन्ही बाजू सारख्या. टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या कडेपासून, टोकापर्यंत प्रत्येक ठिकाणी हातावरचे केस कापले जाईपर्यंत इथून हलू नका. बहुतेकांची धार बिघडते ती इथे घाई केल्याने, आणि तेच मग पेस्टकडे धावतात. पुढे ४००० किंवा ५०००, मग ८०००, जमलं तर १२०००. प्रत्येक दगडाचं काम एकच, आधीच्या दगडाचे ओरखडे पुसणं. दाब कमी कमी करत जा, शेवटी वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे.

आता पट्टा. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडं कापलं जाईल. फेरीच्या शेवटी वस्तरा पाठीवर वळवा, धारेवर कधीच नाही. हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. दहा-पंधरा फेऱ्या बस्स. जास्त केल्या तर चामडं दबतं आणि कड गोल होते. त्यानंतर पेस्ट न लावलेलं साधं चामडं, आणि ते रोज, दाढीआधी. रोज कशाला? केस पोलादाच्या मानाने सुमारे पन्नास पट मऊ, तरी वाकलेला केस धारेचे सूक्ष्म कपचे उडवतो, हे एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलंय. पट्ट्याने भागेनासं झालं की पेस्ट, पेस्टने भागेना की ८०००चा दगड. १०००वर परत जायचं ते डोळ्यांना दिसेल असा कपचा उडाला तरच.

तिन्ही दगड भिजवून पुढच्या टेबलावर ठेवलेत, वस्तराही आहे. एकेकाने या, पाठ टेकवून दोन फेऱ्या करून बघा. मुलांना जरा मागे ठेवा.